मोठी टेक्स्ट फाइल ओळी न तोडता कशी विभागायची?

तुम्ही लिहिलंय की फाइल एडिटरमध्ये उघडत नाही, म्हणून स्प्लिट कमांडला (टर्मिनलमधली, फाइलचे तुकडे करणारी) 'डॅश बी' हा पर्याय देऊन 500 एमबीचे तुकडे केले आणि ओळी मधेच तुटल्या. कमांड बरोबर निवडलीत, फक्त पर्याय बदला.

'डॅश बी' बाइट्स मोजतो. ठरलेले बाइट्स भरले की कापायचं, ओळ संपलीय का हे तो बघत नाही. मजकूर मराठी असेल तर आणखी पंचाईत. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना, वेलांटीसुद्धा, 3 बाइट्सचं असतं. त्या तिन्हींच्या मधे काप पडला की तुकड्यांच्या कडांना निरर्थक चिन्हं दिसतात. घाबरू नका, तुकडे क्रमाने जोडले की अक्षर पूर्ववत होतं.

तुम्हाला हवाय 'डॅश एल'. आधी 'डब्ल्यूसी डॅश एल'ने एकूण ओळी मोजा, मग असं लिहा (कमांड आणि पर्याय इंग्रजी छोट्या अक्षरांत, 'मूळफाइल'च्या जागी तुमच्या फाइलचं नाव, आकडा म्हणजे एका तुकड्यातल्या ओळी):

स्प्लिट -एल 500000 मूळफाइल भाग_

'डॅश एल' आणि आकडा दिलाच नाही तर दर 1000 ओळींना एक तुकडा पडतो आणि फोल्डर भरून जातं. शेवटचं 'भाग_' जरूर द्या, नाहीतर सगळी नावं एक्सपासून सुरू होतात. पुढे एए, एबी अशी अक्षरं आपोआप लागतात. दोन अक्षरांत 676 नावं बसतात, त्याहून जास्त तुकडे होणार असतील तर 'डॅश ए 4' जोडा.

आकाराची मर्यादाही पाळायची असेल तर लिनक्सवर कॅपिटल सीचा पर्याय आहे: 'डॅश सी 500एम'. मर्यादेत बसतील तेवढ्या पूर्ण ओळी तो घेतो. एखादी ओळच त्याहून मोठी असेल तर मात्र ती तुटते.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली तक्त्याची फाइल) असेल तर जपून. शीर्षकाची ओळ फक्त पहिल्या तुकड्यात जाते. आणि अवतरणचिन्हांतल्या मजकुरात एंटर असेल तर एकच नोंद दोन फाइल्समध्ये विभागली जाऊ शकते, कारण स्प्लिटला सीएसव्हीचे नियम माहीत नसतात. अशा फाइलसाठी सीएसव्ही समजणारं साधनच वापरा, असं माझं ठाम मत आहे.

मूळ फाइल लगेच काढू नका. तुकड्यांसाठी तेवढीच मोकळी जागा डिस्कवर आधी ठेवा. तुकडे झाले की हे चालवा, कॅट तुकडे जोडतो आणि सीएमपी ते मूळ फाइलशी ताडून बघतो:

कॅट भाग_* | सीएमपी - मूळफाइल

काहीच छापून आलं नाही तर तुकडे मिळून मूळ फाइल बाइट न् बाइट तीच आहे.