सज्जनांचे भय

प्रश्न : मुलाने हट्टाने हिचकॉकचा 'शॅडो ऑफ अ डाउट' दाखवला. ना भूत, ना रक्त, तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आता सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये हसून बोलले तरी अंगावर काटा येतो. गणपतीत सगळ्यांच्या आधी मांडवात राबणारा माणूस तो! असले सिनेमे बघावेत का?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : ताई, जरूर बघावेत. फक्त खुन्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या माणसांकडे नीट बघा. तुमची झोप त्यांनी उडवली आहे.

१९४३ चा हा सिनेमा. सांता रोझा नावाच्या शांत गावात लाडका चार्लीमामा येतो आणि भाचीच्या बोटात पाचूची अंगठी घालतो. अंगठीच्या आत भलत्याच कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली. मामा म्हणतो, सोनाराने फसवलं. विषय तिथेच मिटतो. पुढे जेवणाच्या टेबलावर तो श्रीमंत विधवांबद्दल गरळ ओकत असतो आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या गालापर्यंत जातो. भाची कळवळून म्हणते, तीही माणसंच आहेत ना! तेव्हा तो मान वळवून थेट आपल्याकडे बघतो. पण माझ्या जिवाला लागतो तो, मामाच खुनी आहे हे कळलेल्या त्या मुलीचा पेच. भावावर जीव ओवाळून टाकणाऱ्या आईला ती काय सांगणार? शेवटी अख्खं गाव त्या माणसाचे गोडवे गातं आणि ती चर्चच्या दाराशी गप्प उभी राहते. गावाला आपला सज्जन हवाच असतो.

याहून जड जातो १९७१ चा '१० रिलिंग्टन प्लेस'. पुढे 'गांधी' काढणारे रिचर्ड अ‍ॅटनबरो यात जॉन ख्रिस्टी नावाचा खुनी झालेत : टक्कल, चष्मा, कुजबुजता आवाज, समोरच्याला सारखा चहाचा आग्रह. नौपाड्यात एका मित्राकडे आम्ही काहीजण तो बघत होतो. चहाचा कप पुढे आला तशी शेजारच्या काकूंनी स्वतःच्या हातातली कपबशी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. लंडनमध्ये खरोखर घडलेलं हे. ख्रिस्टी युद्धकाळात राखीव पोलिसात होता. त्याच घरात राहणाऱ्या टिमोथी इव्हान्सवर खुनाचा खटला चालला, तेव्हा हाच माणूस सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. धड लिहिता-वाचता न येणाऱ्या इव्हान्सचं कोण ऐकणार? १९५० मध्ये तो फासावर गेला. १९५३ मध्ये त्याच घरात आणखी मृतदेह सापडले, ख्रिस्टीला फाशी झाली. इव्हान्सला माफी मिळाली ती १९६६ मध्ये, मरणोत्तर. अजूनही हे लिहिताना मला संताप येतो.

तुमच्या सेक्रेटरींचं म्हणाल, तर हसण्यावरून किंवा मांडवात राबण्यावरून माणूस कळत नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. त्यांच्यावर उगीच संशय धरू नका. पण कधी कुणाच्याही बाबतीत त्या अंगठीसारखं काही नेमकं नजरेला पडलं, एखादं मूल एखाद्याच्या घरी जायला नाही म्हणालं, तर 'किती सज्जन आहेत ते' म्हणून विषय मिटवू नका. त्या मुलाला जवळ घेऊन विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.

प्रश्न : झी मराठीवरची 'देवमाणूस' याच जातीची म्हणायची का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, जात तीच. डॉक्टर खुनी आहे हे आपल्याला ठाऊक, गावाला नाही. त्याच्यावर गावाचा जो विश्वास बसतो तो फार खरा वाटतो. आजारपणात धावून आलेल्या माणसाबद्दल वाईट ऐकायला कोण तयार होतं? पण मालिका ताणली गेली आणि ती धार बोथट झाली. भोवतीच्या माणसांचा विश्वास खरा वाटतो का, हीच कसोटी लावून १९८८ चा डच सिनेमा 'स्पोरलोस' बघा. त्यातला रसायनशास्त्राचा शिक्षक, दोन मुलींचा प्रेमळ बाप, स्वतःवरच क्लोरोफॉर्म वापरून शुद्ध किती वेळ हरपते ते घड्याळ लावून मोजतो. घरात कुणाला काडीचा संशय नाही. रात्री एकट्याने मात्र बघू नका.