कोल्हापूरचं प्रेस्बिटेरियन चर्च बंद पडलं का? मॅपवर त्या नावाचं काहीच दिसत नाही

तुम्ही लिहिलंय की पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, कोल्हापूर' असं आहे आणि आता शोधायला गेलं तर त्या नावाचं चर्चच सापडत नाही. बंदबिंद काही पडलेलं नाही हो, पाटी बदलली एवढंच. न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च आहे ना, स्टँडपासून चालत जाता येतं, ते बघा. मी त्याच मंडळीतला (म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतला), संडेस्कूलपासूनचा.

आता हा वायल्डर कोण, तर रॉयल वायल्डर म्हणून अमेरिकन मिशनरी, 1846 ला भारतात आला, आधी अहमदनगरला होता आणि 1852 च्या शेवटी कोल्हापुरात आला. आणि गंमत म्हणजे तेव्हा तो प्रेस्बिटेरियन मिशनचा नव्हताच! अमेरिकन बोर्ड म्हणून वेगळी संस्था होती, तिचा माणूस. त्याचा सगळा जीव शाळांत, आणि नेमकं त्याच वेळी बोर्डाच्या वरच्या लोकांचं मत पडलं की शाळांवर खर्च कमी करा, प्रचारावर जोर द्या. यावरून जे वाजलं ते वाजलंच, शेवटी 1860 च्या सुमाराला बोर्डानं त्याच्याशी संबंध तोडले. दुसरा असता तर गप अमेरिकेत बसला असता, हा गडी परत कोल्हापुरात आला आणि कुठल्याही बोर्डाशिवाय स्वतःच्या हिमतीवर, लोकांकडून पैसे गोळा करून काम चालवत राहिला, ते थेट 1870 पर्यंत. 1870 ला ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं आणि तिथनं आपण प्रेस्बिटेरियन. म्हणजे शाळेवरनं भांडण झालं नसतं तर तुमच्या पणजोबांच्या दाखल्यावर दुसरंच नाव असतं. (त्याचा पोरगा रॉबर्ट 1863 ला इथंच कोल्हापुरात जन्मला, पुढं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची मोठी मिशनरी चळवळ उभी करण्यात तो पुढं होता. आमच्याकडं निम्म्या लोकांना हे माहीत नाही.)

पुढं मिशन पसरत गेलं, रत्नागिरी, मग 1877 च्या आसपास कोडोली आणि पन्हाळा, मग सांगली. डॉ. वानलेस 1889 ला आले, त्यांचं मिरजेचं हॉस्पिटल तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या बायकोच्या नावाचं. आणि इस्थर पॅटन या मिशनरी बाईंच्या नावाची शाळा, जिला सगळं कोल्हापूर बिनधास्त 'ईस्टर पॅटर्न' म्हणतं. माझ्या बहिणीला चौथीपर्यंत वाटायचं की ईस्टरच्या सणाचा कायतरी पॅटर्न आहे.

बरं, प्रेस्बिटेरियन म्हणजे काय ते थोडक्यात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. बिशप (अनेक चर्चेसवरचा वरिष्ठ धर्मगुरू) नाही, मंडळीनं निवडलेले 'वडील' आणि पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) मिळून कारभार बघणार. माझे आजोबा दोनदा वडील होते. ते सांगायचे, उपासना संपली की बाकं तशीच ठेवायची, प्रत्येकाला कागदाचा तुकडा द्यायचा आणि चिठ्ठ्या गोळा करायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवायचा. मग पाळकसाहेब एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं नाव वाचणार. एका वर्षी आज्जीनं आजोबांना मत दिलं नाही आणि घरी येऊन तसं तोंडावर सांगितलं, "तुम्ही घरातच कुणाचं ऐकत नाही, मंडळीचं काय ऐकणार?" आजोबा चार मतांनी पडले. आठवडाभर जेवताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं म्हणे.

मग नाव कधी गेलं? दोन टप्प्यांत. 1924 ला प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (जिथं प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते) मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, तेव्हाच हा शब्द मागं पडला. नंतर 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) सुद्धा होते, आणि त्यांच्याबरोबर बिशप आले. ज्यांचा सगळा बाणाच 'आम्हाला बिशप नको' असा, त्यांच्या कोल्हापुरात बिशपसाहेब! जुन्या लोकांना हे पचायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर काहींना अजून पचलेलं नाही, प्रॉपर्टी आणि हक्कावरनं जे वाद होतात त्यात मी इथं पडत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर बिशप आले म्हणून निवडलेल्या वडिलांचं वजन काही कमी झालं नाही, मीटिंगला येऊन बघा एकदा.

जुन्यातलं टिकलेलं बघायचं असेल तर हंगामाच्या सणाला या. शेतकरी घरं शेंगा, भोपळे, उसाच्या मोळ्या, कोंबड्या घेऊन येतात, वेदीपुढं ढीग लागतो आणि उपासनेनंतर बाहेर लिलाव. मागं एकदा एका साध्या नारळाची बोली अशी चढली की घेणाऱ्यानं घेतला आणि परत मंडळीलाच दिला, मग तोच नारळ पुन्हा लिलावात, असं तीन वेळा. गुळाची ढेप मात्र कुणी परत देत नाही.

तुमच्या पणजोबांचं म्हणाल तर नाव, साल आणि गाव एका कागदावर लिहून पाळकांना भेटा, नुसत्या आडनावावर काही होत नाही. दाखला कोल्हापूरचा असला तरी घराणं कोडोलीकडचं असू शकतं, आमचंही तसंच आहे, त्यामुळं तिथल्या मंडळीतही विचारा. आणि नाताळच्या आठवड्यात येऊ नका, त्या गर्दीत रजिस्टर काढून दाखवायला कुणाला वेळ नसतो, गाडी लावायला जागा मिळत नाही ते वेगळंच.