पेठेत नवीन आलात? आधी एवढंच करा

सदाशिव पेठेत राहायला आलात, छान केलंत. पण सगळी दुकानं एकदम पालथी घालू नका. सुरुवातीला तीनच धरा: वाणी, गिरणी आणि भाजीवाल्या मावशी.

त्यातही गिरणी महत्त्वाची. डबा ठेवताना जाड की बारीक ते स्पष्ट सांगा. आधी काय दळलंय तेही विचारा. ज्वारी-बाजरीनंतर लगेच गहू दळले की पीठ मिसळतं नि पोळी तुटते. असं विचारणारं गिऱ्हाईक गिरणीवाले लक्षात ठेवतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- दुपारी १ ते ४ मध्ये जाऊन 'बंद का?' म्हणून कुरकुरणं. बरीच जुनी दुकानं तेव्हा बंदच असतात. (पुण्यावरचे निम्मे विनोद इथलेच.)
- ओळख व्हायच्या आत उधारी मागणं.
- भाजी चिवडणं.
- गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना दारातूनच कटवणं. चांगला प्लंबर कोण, हे याच पोरांना ठाऊक असतं!

महात्मा फुले मंडईची १८८६ सालची इमारत एखाद्या सकाळी निवांत बघून या. रोजची कोथिंबीर मात्र कोपऱ्यावरच घ्या. तुळशीबागेतली घासाघीस नंतर सांगेन, तिची एवढ्यात घाई नको.