एफएमटीसाठी (निरोगी माणसाचं शौच रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार) मामा दाता म्हणून चालेल का?
आईचे सी-डिफचे (आतड्यातल्या एका जिवाणूच्या संसर्गाचे) जुलाब तिसऱ्यांदा उलटलेत आणि घोडबंदर रोडला राहणारा, रोज पळायला जाणारा मामा शौच द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. चालू शकेल, पण नुसत्या धडधाकटपणावर जाऊ नका. गेल्या ३ महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? आपल्याकडे साध्या सर्दीलाही घेतात, त्यामुळे नीट आठवायला लावा. लठ्ठपणा, आयबीएस (पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्याचा जुनाट त्रास) असेल तर दुसरा दाता बघा. मग रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस. शौचात जंत आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू. ही शेवटची तपासणी अजिबात सोडू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत ती न केल्यामुळे एक रुग्ण दगावला. आणि घरच्या घरी कृपा करून नकोच, पोटविकारतज्ज्ञांकडूनच करा.