चिकट तंबू कुणाच्या खाती?

प्रश्न : शाळेच्या स्काउट पथकाला मी स्वयंसेवक म्हणून मदत करतो. नायलॉनचे तंबू पावसाळ्यानंतर काढले तर आतून चिकट, कुबट वासाचे. धुवावेत का?

उत्तर : धुऊन हा चिकटपणा जात नाही. दमट, उबदार जागेत कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर विघटित होतो. सोलपटं निघत असतील तर तंबू पावसात नेऊ नका. बाकीचे सावलीत दोरीवर वाळवा. तळाच्या शिवणी सर्वांत उशिरा वाळतात, तिथे बोट दाबून बघा. घट्ट गुंडाळी नको. सुती पिशवीत सैल ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. प्रत्येक तंबूला क्रमांक द्या, खुंट्या मोजून घेण्याचं काम संघनायकाकडे, म्हणजे मुलांच्या तुकडीच्या म्होरक्याकडे, सोपवा. तुम्ही फक्त शिवणी तपासा. सगळं स्वतःच आवरणारे दादा मुलांना आवडतात, पण मग मुलं तंबू सांभाळायला शिकत नाहीत आणि तंबू लवकर खराब होतात.