कामावरचा अपघात: भरपाई कोणाकडून, किती आणि कधीपर्यंत?

खालचे तिन्ही अपघात 21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचे आहेत. म्हणून उत्तरं 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार दिली आहेत.

प्रश्न: भाऊ सेंटरिंगचं काम करताना ऑगस्ट 2025 मध्ये पाचव्या मजल्यावरून पडून गेला. वय 40, पगार 20,000. ठेकेदार दोन लाख रोख देऊन वहिनीची सही मागतोय. बिल्डर म्हणतो, तो माझा माणूस नव्हता, शिवाय बेल्ट लावला नव्हता.

वहिनींना सही करू देऊ नका. मृत्यूची भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात देऊन मालक सुटत नाही. कलम 8 प्रमाणे ती कर्मचारी भरपाई आयुक्तांकडेच (हे दावे निकाली काढणारे अधिकारी) जमा करावी लागते. हक्क सोडल्याचा कागद कलम 17 खाली रद्दबातल ठरतो, पण तो पुढे आला की दाव्याला फाटे फुटतात आणि वर्षं जातात. मालक घरच्यांना उचल देऊ शकतो. त्यातली तीन महिन्यांच्या पगाराइतकीच रक्कम भरपाईतून वजा होते.

बांधकाम हा बिल्डरचाच धंदा असल्याने कलम 12 खाली तो जबाबदार आहे. भरलेले पैसे त्याने ठेकेदाराकडून वसूल करावेत. सुरक्षेचं साधन मुद्दाम वापरलं नाही, हा बचाव मृत्यूच्या प्रकरणात चालतच नाही.

आता हिशेब. पगार कितीही असला तरी 15,000 पर्यंतच धरला जातो. मृत्यू असल्याने त्याचे 50 टक्के म्हणजे 7,500. त्याला कायद्यात वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं; वय 40 चा गुणक 184.17. म्हणजे 13,81,275 रुपये. दोन लाखांशी ताडून पाहा! महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

दावा दोन वर्षांच्या आत करावा. अपघात शहरात झाला असला तरी वहिनी गावी राहत असतील तर तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वयाचा दाखला आत्ताच मिळवा. पगार रोखीने असेल तर हजेरीची वही, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज जपा. बहुतेक दावे अडतात ते इथे: तो कामावर होता हे दाखवणारा कागदच नसतो.

प्रश्न: पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय 30, पगार 14,000. काय मिळेल?

आधी ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा आहे का ते पाहा. असेल तर अपंगत्वाचा लाभ तिथूनच मिळतो, मालकावर या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही. नसेल तर अपंगत्वासाठी 14,000 चे 60 टक्के (मृत्यूत 50), म्हणजे 8,400, गुणिले वय 30 चा गुणक 207.98. त्याचे 20 टक्के, कारण एका हाताच्या दोन बोटांना परिशिष्टात तेवढे धरले आहेत. रक्कम सुमारे 3,49,406 रुपये.

ज्या कामावर पोट होतं तेच आता जमत नसेल तर डॉक्टरांच्या दाखल्यात तसं स्पष्ट लिहून घ्या. कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य केली होती, कारण एका हाताने सुतारकी होत नाही.

प्रश्न: ड्युटीवर जाताना रस्त्यात अपघात झाला तर?

मिळू शकते. साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे 3 च्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये भरपाईचा आदेश पुन्हा लागू केला. अट अशी की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. पाळीचा तक्ता म्हणूनच महत्त्वाचा. वाट सोडून खासगी कामाला गेला असाल तर तो संबंध तुटतो.