शेवटच्या पोफळींना पाणी

"अल्झायमरच झालाय म्हटल्यावर आता प्रेशरच्या गोळ्या कशाला, मॅडम?" हा प्रश्न चिपळूणच्या माझ्या खोलीत इतक्यांदा विचारला गेला आहे, की समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच तो मला ऐकू येतो. गेल्या वर्षी तो गुहागरकडच्या एका बागायतदाराने विचारला (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत). त्यांचे वडील, घरातले अण्णा, 76 वर्षांचे. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी ठेवणारा हा माणूस आता डझन मोजताना सातावर अडत असे आणि पुन्हा एकापासून सुरुवात करत असे. निदान झाले आणि गोळ्यांचा डबा फडताळात गेला.

मी गोळ्यांवर लगेच बोलले नाही. असा प्रश्न बहुधा औषधाचा नसतो, थकव्याचा असतो. आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय रुग्णाचे भले होत नाही, हे माझे मत जुने आहे. मी एवढेच विचारले, की अण्णांचे विसरणे हळूहळू वाढत गेले की पायरीपायरीने.

ते बराच वेळ गप्प राहिले. "श्रावणात एके सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. बोलणंही अडखळत होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत बरे झाले, म्हणून आम्ही पित्त म्हटलं. पण त्यानंतर अण्णांना न्हाणीघर सापडेना."

पुढच्या भेटीत त्यांनी एमआरआयचा अहवाल आणला. स्मरणाशी निगडित भाग आकसल्याची नोंद त्यात होतीच, पण खाली, घरात कोणीही मोठ्याने न वाचलेल्या ओळीत, बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेल्या जुन्या इजांचाही उल्लेख होता. मी म्हटले, "मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे आमच्या वाडीतल्या पाटासारखं. पाट गाळाने भरला की विहिरीजवळच्या पोफळी हिरव्या, आणि शेवटच्या सुकतात."

इतकी वर्षे मी जे समजावत आले, ते यापेक्षा नीट मला कधी सांगता आले नव्हते. मी त्यात फक्त भर घातली, की पाणी देणे हे पाटाचे एक काम झाले. मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन बाहेर वाहून नेण्यातही रक्तवाहिन्यांचा वाटा असतो, आणि तेच प्रथिन त्यांच्या भिंतींत साचून त्यांना ठिसूळ करते. आधी कोण, यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण अमेरिकेतल्या नन्सच्या मेंदूंचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला, त्यात अल्झायमरच्या खुणांसोबत रक्तपुरवठा तुटल्याच्या छोट्या इजाही ज्यांच्या मेंदूत होत्या, त्यांच्यात हयातीत स्मृतिभ्रंश अधिक दिसला होता. एकाच डोक्यात दोन दुखणी नांदतात, आणि त्यांतल्या दुसऱ्यावर, रक्तवाहिन्यांच्या दुखण्यावर, दाब आटोक्यात ठेवून आपला थोडा हात चालतो.

"मग अण्णा सुधारतील?" या प्रश्नाला मी खोटी आशा लावत नाही. गेलेले परत येत नाही. पुढची पायरी लांबवण्याचा प्रयत्न तेवढा करता येतो. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आपल्या मनाने वाढवूही नयेत. उतारवयात दाब फार उतरला तर उठताना भोवळ येऊन माणूस पडतो, तेव्हा घरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवावी. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे खारातली कैरी आणि पापड यांतच त्यातले बरेच संपते. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर बरे वाटण्याची वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि आपल्या वाड्यांवरून सीटी स्कॅनपर्यंत पोचण्यातच त्यातला मोठा भाग जातो. कोणत्या रुग्णालयात जायचे आणि गाडी कोणाची, हे आजच ठरवून ठेवावे.

निघताना ते दारातच थांबले. "मलाही होईल का हो?" खरा प्रश्न तो होता, यायला तीन भेटी लागल्या. वय 48. मध्यमवयातला वाढलेला रक्तदाब पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, हे सांगून मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. 158 आणि 96. पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा घेतला, तरी फारसा फरक नव्हता. खिशातून फोन काढून त्यांनी अण्णांच्याच डॉक्टरांची वेळ मागितली, आणि नाव विचारल्यावर क्षणभर थांबून स्वतःचे सांगितले.